चार नंबरचा डबा

मिळण्यासारखं होतं ते मोजून चौदा फूट. सार्वजनिक वाचनालयात पुस्तकं बदलून देण्याची जी खिडकी आहे तिच्या शेजारची भिंत, चौदा फूट लांब, आणि ती अख्खा एक महिना एकाच माणसाच्या चित्रांना. पुस्तक बदलायला आलेला माणूस रांगेत सरासरी सात मिनिटं उभा राहतो, दिवसाला दीडशे माणसं धरली तरी महिन्याला साडेचार हजार, आणि रांगेतल्या माणसाला बघायला दुसरं काही नाही, हा हिशेब मास्तरांनी निवडीच्या दोन महिने आधीच करून ठेवला होता. वजाबाकीच्या बाजूला त्यांनी काही मांडलं नव्हतं. जायचं होतं ते फक्त एक बटण.

आता ते वाचनालयाच्या वरच्या हॉलच्या जिन्यात, वरून चौथ्या पायरीवर बसले होते आणि त्यांच्या तळहातावर एक बटण होतं. निळं, चार भोकांचं, कडेला टवका उडालेलं. पत्र्याचा डबा उलटा केला तेव्हा ते टणकन पायरीवर पडलं, घरंगळत दोन पायऱ्या खाली गेलं आणि भिंतीला टेकून थांबलं. मास्तर गुडघ्यावर हात ठेवून उतरले आणि त्यांनी ते उचललं. उचलेपर्यंत त्यांची खात्री होती की ते काळं असणार.

मास्तर तसे कुणाचे मास्तर नव्हते. चौतीस वर्षं त्यांनी पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढले होते, आणि निवृत्तीनंतर हात रिकामा राहू नये म्हणून या चित्रकला मंडळात आले होते. इथं कुणी रविवारी सकाळी निवांत रंग कालवत बसलं की हे मागून येऊन म्हणायचे, "ती रेघ जरा पडलीय बघा, तिरकी झालीय." त्यावरून मास्तर. नाव ठेवणाऱ्यांनी चेष्टेनं ठेवलं, यांनी मानानं घेतलं, आणि आता दोन्ही बाजू विसरून गेल्या होत्या. मंडळाच्या महिन्याच्या 'घडामोडी'ही मास्तरच लिहायचे: कुणाला मुलगी झाली, कुणाच्या चित्राला कुठं बक्षीस मिळालं, पुढच्या रविवारी कुणी काय आणायचं. एक पान, दोन्ही बाजूंनी, अक्षर छापल्यासारखं. तेवीस सभासदांच्या आयुष्यात काय घडलं हे मास्तरांनी लिहिल्याशिवाय घडल्यासारखं वाटत नसे, निदान मास्तरांना तरी.

बटणांची पद्धत मंडळ काढणाऱ्याची. तो शिंपी होता. त्याचं म्हणणं, हात वर करून मत द्यायला लावलं की माणूस शेजाऱ्याच्या हाताकडे बघतो; तेव्हा प्रत्येकानं घरून एक बटण आणावं. वर्षातून एकदा प्रत्येकाचं एक चित्र भिंतीला लागतं, सहीवर कागदाची पट्टी चिकटवलेली. प्रत्येक चित्राखाली बाकावर एक पत्र्याचा डबा, झाकणाला चीर, डब्यावर नंबर. कुठला नंबर कुणाचा हे फक्त चिटणिसाच्या वहीत. जे चित्र आवडेल त्याच्या डब्यात बटण टाकायचं, स्वतःच्या सोडून. सही झाकली तरी कुणाचं चित्र कुठलं हे आंधळ्यालाही कळावं, कारण इथं प्रत्येकजण वर्षानुवर्षं एकच चित्र काढत आला होता. पण पट्टी चिकटवण्याचा विधी मंडळी इतक्या गंभीरपणे करत की पाहणाऱ्याला भरून यावं. ज्याच्या डब्यात जास्त बटणं त्याला खालची भिंत. मग डबे आपापल्या घरी न्यायचे. बायका ती बटणं वापरतात, पुरुष हरवतात.

मास्तरांचं चित्र होतं पाण्याच्या टाकीचं. काळ्या शाईच्या रेघा, वर हलका करडा रंग, काचेत मढवलेलं. टाकीचे बारा खांब, बाराही खांबांच्या सावल्या, आणि एकही रेघ पडलेली नाही. चार महिने लागले होते. आणि रंगाऱ्याचं चित्र होतं एका भिंतीचं. रंगारी म्हणजे खरोखरच रंगारी, लोकांची घरं रंगवणारा. मास्तरांचं घर रंगवायला आला होता तेव्हा दुपारच्या सुट्टीत जुन्या पुठ्ठ्यावर काहीबाही काढत बसलेला मास्तरांनी पाहिला आणि मंडळात आणला. आणला, बसवला, खोली कशी दाखवायची, लांबची वस्तू लहान कशी होते, सगळं शिकवलं. हे मास्तर कुणाला सांगत नसत. फक्त कुणी विचारलं तर, आणि विचारलं नाही तर विषय निघाला की. एवढं शिकवून गड्यानं काढलं काय, तर भिंत. पिवळट, जुनी, मधे एक फिकट चौकोन, म्हणजे तिथं कधीतरी कपाट असणार, आणि खालच्या बाजूला हाताएवढा एक तेलकट डाग. मास्तरांनी ते चित्र पाहिलं तेव्हा ते मनात म्हणाले, भिंतवाल्याला भिंतच दिसणार. मोठ्यानं मात्र ते म्हणाले, "छान आहे. जा, माझं बटण तुला." रंगाऱ्याचे कान लाल झाले. "आणि माझं तुम्हाला, मास्तर," तो म्हणाला. "टाकीला तोड नाही."

निवडीच्या रविवारी जेवणाच्या सुट्टीनंतर सगळे रांगेनं भिंतीजवळून फिरले. मास्तरांनी पाहिलं, आपली टाकी सकाळी खिडकीसमोर होती ती आता आतल्या बाजूला, चांगल्या उजेडात लागलीय. कुणाला तरी अक्कल आली म्हणायची, एवढंच त्यांच्या मनात आलं. ते पुढं झाले. मागं चष्मेवाला होता, तो शिंकला, रुमाल शोधायला वळला. आणि मास्तरांच्या हातानं, मास्तर पुढं कितीदा तरी स्वतःशी म्हणाले की हातानं, खिशातून कोटाचं काळं बटण काढलं आणि टाकीखालच्या डब्यात सोडलं. डब्यावरचा नंबर वाचायचीही त्यांची हिंमत झाली नाही. चोर खिसा कापताना खिशाचा रंग बघत नाही. पुढं रंगाऱ्याच्या भिंतीसमोर ते उगीच थोडा वेळ थांबले, मान डोलावली आणि रिकामा हात डब्यावरून फिरवला.

हॉल दुसऱ्या दिवशी नाचाच्या वर्गाला लागत होता, म्हणून चित्रं त्याच संध्याकाळी उतरून, कागदात बांधून घरोघर गेली. बटणं मोजली नर्सबाईंनी, त्या मंडळाच्या चिटणीस, घरी जेवणाच्या टेबलावर, रात्रपाळीला जायच्या घाईत, बटणांकडे न बघता नुसते आकडे मोजत, नंबर आणि वही पुढं घेऊन. आणि यादी पाठवली मास्तरांकडे, घडामोडींत लिहायला. नंबर नऊ, रंगारी, अकरा. खाली चष्मेवाला चार, कुणी तीन, कुणी दोन. नंबर चार, मास्तर, एक. ते मास्तरांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात स्वतः लिहिलं. 'एक' या शब्दाला दोन अक्षरं लागतात आणि ती लिहायला त्यांना त्या दिवशी चहा थंड होईपर्यंत वेळ लागला. कारण तो एक कुणाचा हे जगात एकट्या त्यांनाच माहीत होतं. बावीस माणसं, वीस वर्षं, आणि एकाचंही नाही. मुलगी घर सोडून गेली तेव्हाही त्यांना असं रिकामं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान त्यांनीच तिला जा म्हटलं होतं.

मग माणसं यायला लागली. हे सगळ्यात वाईट. पहिल्या नर्सबाई. "मास्तर, मनाला लावून घेऊ नका. माझं बटण तुम्हालाच होतं हो." दुसऱ्या दिवशी चष्मेवाला रस्त्यात भेटला: "सांगायचं नसतं, पण सांगतो. मी टाकीलाच टाकलं." मग ग्रंथपाल. मग त्या दोघी बहिणी, ज्या नेहमी एकाच फुलदाणीची दोन चित्रं काढतात, दोघी एकदम म्हणाल्या, "आमची दोन्ही." मास्तर प्रत्येकाला हसून आभार मानत आणि घरी येऊन चौकटीच्या कागदावर एक नाव लिहीत. पाच झाली. सहावा रंगारी. तो दारात चपला न काढता उभा राहिला, आनंदानं आणि लाजेनं त्याला कुठं बघावं कळत नव्हतं. "मास्तर, देवाशपथ, माझं तुम्हालाच. आणि तुम्ही मला दिलंत. हे असं व्हायला नको होतं." मास्तरांना वाटलं, काय सफाई आहे! जिंकायचं, वर येऊन खोटं बोलायचं, वर शपथ. त्यांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. आणि सातवी बायको, तीही मंडळात होती. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझं तुम्हालाच होतं. दुसऱ्या कुणाला टाकणार?" मास्तर तिच्याकडे बघत राहिले. "तूही?" एवढंच म्हणाले. तिला वाटलं, नवऱ्याला बरं वाटलं. त्यांना वाटलं, एकोणचाळीस वर्षं. त्या दिवसापासून ते तिच्याशी कामापुरतं बोलत, आणि निवृत्त माणसाला काम ते किती.

सात खोटारडे आणि एक बटण, तेही स्वतःचं. या बेरजेवर मास्तरांनी जे केलं ते त्यांना तेव्हा न्यायाचंच वाटलं. त्यांनी कागद घेतला आणि मंडळाला पत्र लिहिलं. रंगाऱ्यानं मंडळातल्या सहा सभासदांची घरं रंगवली आहेत, कुणाला गिलावा फुकट भरून दिला, कुणाचं फाटक. अशा परिस्थितीत पडलेली मतं ही चित्राला पडली की उपकाराला, याचा मंडळानं विचार करावा. व्यक्तिशः आपली कुणाबद्दल तक्रार नाही. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं, त्यांना ते आवडलं. मंडळानं विचार वगैरे काही केला नाही, तसा मंडळाला विचार करायची सवय नव्हती. पण पत्र फुटलं. रंगारी नर्सबाईंकडे गेला आणि म्हणाला, "तुमची भिंत परत घ्या बाई. मला भिंती पुष्कळ आहेत." त्यानं जुन्या खिडक्यांच्या लाकडाच्या बारा चौकटी स्वतः घासून केल्या होत्या म्हणे. तो रविवारी यायचा बंद झाला. खालची भिंत बावीस दिवस कोरी राहिली, रांगेतली माणसं तिच्याकडे सात-सात मिनिटं बघत राहिली, आणि मास्तरांनी या महिन्याच्या घडामोडींत त्याबद्दल काही लिहिलं नाही.

आज ते पान लावायला आले तर नर्सबाईंनी डबा हातात दिला. "घेऊन जा बाई तुमचा. धूळ खातोय." आणि त्यातून हे निळं बटण.

ते त्यांनी लगेच ओळखलं. मुलीच्या शाळेच्या स्वेटरचं होतं. तो स्वेटर बायकोनंच विणला होता, आणि टवका कसा उडाला तेही त्यांना आठवत होतं: पोरगी अभ्यासाला बसली की दातात बटण धरायची. स्वेटर गेला, बटणं बायकोच्या शिवणाच्या डब्यात राहिली. म्हणजे हे बटण बायकोचं. म्हणजे तिनं खरंच टाकलं होतं! मास्तर पायरीवर बसले ते तेव्हा. सगळं जग एका बाजूला आणि ही बाई एका बाजूला, आणि आपण तिला 'तूही?' म्हणालो. आज घरी जाऊन काय बोलायचं ते त्यांनी जुळवायला घेतलं. चहा आपण करावा, आणि कप तिच्यापुढं ठेवताना... आणि कप ठेवता ठेवता त्यांच्यातला नकाशेवाला जागा झाला. नळाचा नकाशा काढणाऱ्याला एक सवय असते, इकडून किती पाणी आत गेलं आणि तिकडून किती बाहेर आलं हे ताडून बघायची. डब्यात एक बटण. ते बायकोचं. मग माझं कुठं आहे?

हॉलमध्ये कपाटाच्या वरच्या फळीवर एक डबा न नेलेला उरला होता. नऊ नंबर. मास्तरांनी तो बाकावर उलटा केला. अकरा बटणं. एक पितळी, रंगाच्या शिंतोड्यांचं, रंगाऱ्याच्या डगल्याचं. एक लाकडी, ग्रंथपालाच्या बंडीला असतात तसं. दोन सारखी, मोत्यासारखी, त्या दोघी बहिणींची. नर्सबाईंच्या पांढऱ्या झग्याचं चपटं. चष्मेवाल्यानं तर चष्म्याच्या घराचं दाबायचं बटणच टाकलं होतं, फुकट्या! आणि त्यांच्या मधे, काळं, दोन भोकांचं, अजून एक दोरा लोंबत असलेलं, मास्तरांचं. शेजारच्या खोलीत कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. म्हणजे टाकीच्या खाली नऊ नंबरचा डबा होता. म्हणजे ही सगळी बटणं टाकीची. म्हणजे एकही माणूस खोटं बोललं नव्हतं. आणि ज्यानं नंबर बघितला असता तर यादी हाती आली त्याच मिनिटाला घोटाळा कळला असता, तो एकटा माणूस चोरी करण्याच्या घाईत होता. आणि मग शेवटचं 'म्हणजे', जे मास्तरांना पुढं सरकू देईना: चार नंबरचा डबा मग भिंतीच्या चित्राखाली होता. बायकोनं बटण भिंतीला टाकलं होतं. सातांतली एकटी तीच खोटं बोलली होती.

भिंत. पिवळट भिंत, फिकट चौकोन. टेबलाच्या उंचीवर एक तेलकट डाग. मुलीची खोली रिकामी करून तिथं स्वतःचं चित्र काढायचं टेबल मांडायचं ठरलं तेव्हा रंगारी दारात बादली घेऊन उभा होता आणि म्हणाला होता, "मास्तर, हा कोपराचा डाग ठेवायचा का? बारा-पंधरा वर्षं कुणीतरी इथं कोपर टेकून बसलंय." मास्तर हसले होते. "अरे, डाग कोण ठेवतं? त्यासाठीच तर तुला बोलावलं." रंगाऱ्यानं मान हलवली आणि म्हणाला, जेवण करून घेतो आधी. आणि जेवताना तो पुठ्ठ्यावर काहीतरी काढत होता. मास्तरांनी तेव्हा मागून येऊन काय म्हटलं होतं? रेघ पडलीय, असंच काहीतरी. स्वतःच्या घराची भिंत, स्वतःच्या मुलीचं कोपर, आणि मास्तरांना दिसली होती ती फक्त रेघ.

रंगारी जवळच एका नव्या घरात काम करत होता. घरात कुणी राहायला आलेलं नव्हतं, नुसता ओल्या चुन्याचा वास. तो शिडीवर होता.

"या मास्तर. कडेनं या, ओलं आहे."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मास्तरांना तो असता तर बरं झालं असतं.

"निवडीच्या दिवशी चित्रं तू हलवली होतीस का?"

"दोनच. तुमचं नि माझं. जेवायच्या सुट्टीत." तो ब्रश थांबवेना. "तुमच्या काचेवर समोरची खिडकी पडत होती. टाकी दिसेचना, बघणाऱ्याला स्वतःचंच तोंड दिसायचं. माझ्या चित्राला काच कुठाय? म्हटलं आपली भिंत काय, उजेडात भिंत नि अंधारात भिंत."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, वाकडं लागलंय." तो हसला.

"आणि डबे?"

"डब्यांचं काय?"

शिडीवरचा ब्रश हळूहळू थांबला. रंगारी शिकलेला नव्हता, पण एका भिंतीला किती डबे रंग लागेल हे नुसतं बघून सांगणारा माणूस होता. त्याला फार वेळ लागला नाही.

"म्हणजे ते अकरा..."

"टाकीचे."

"आणि माझे?"

"एक."

रंगाऱ्यानं ब्रश बादलीच्या काठावर निथळायला ठेवला. हात डगल्याला पुसले. बराच वेळ पुसले. "मलाही जरा जास्तच वाटले होते," तो म्हणाला. "घरी आईला सांगताना मी आठच सांगितले. म्हटलं अकरा तिला खरे वाटायचे नाहीत." मग तो खाली बघून एकदम थांबला. मास्तरांच्या अंगात तोच कोट होता, काळा. वरून तिसऱ्या बटणाच्या जागी नुसता दोरा. "तो एक तुमचा, नाही का?" रंगारी म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "कोटाचं तोडून दिलंत? काय मास्तर तुम्हीही. आणि मी मनात म्हणत होतो, पत्र लिहिणारा माणूस बटण कसलं देतोय."

मास्तरांचा हात खिशात होता. खिशात दोन्ही बटणं होती, निळं आणि काळं, बोटांना वेगवेगळी लागत होती. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. कुठलंही एक. त्यांनी बोलायला श्वास घेतला आणि तो श्वास खोकल्यातच गेला.

"बास झालं मग," रंगारी म्हणाला. "तुम्हाला कळली भिंत म्हणजे पावलं. बाकीच्यांना काय!" आणि त्यानं पुन्हा ब्रश उचलला. "बाजूला व्हा, शिंतोडे उडतील."

घरी बायको खिडकीजवळ बसली होती. मास्तरांनी निळं बटण तिच्यासमोर टेबलावर ठेवलं. तिनं ते पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, मग पुन्हा बटणाकडे. मास्तरांनी डब्यांचं सगळं सांगितलं. चित्रं कुणी हलवली, का हलवली. स्वतःच्या बटणाचं सोडून. तेवढं गाळून सांगताही आलं, हे त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"मला वाटलं तुम्हीही ओळखली असेल ती भिंत," ती म्हणाली. "म्हटलं, ओळखून गप्प आहात. तीन आठवडे मी त्याचंच कौतुक करत होते मनात."

"मला खोटं का सांगितलंस?"

"तुमच्याशी खरं बोलून एक माणूस या घरातून गेलं." ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली, जसं दूध उतू गेलं सांगावं. "दुपारी तुम्ही झोपलात की फोन येतो तिचा. विचारते, खोली कशी आहे. मी सांगते, आहे तशीच आहे." मग थोड्या वेळानं, "त्याला सांगितलंत ना, ते एक माझं म्हणून?"

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"सांगितलं नाहीत?"

"त्याला वाटलं, माझं."

"आणि तुम्ही वाटू दिलंत." तिनं त्यांच्या कोटाकडे पाहिलं, तिसऱ्या बटणाच्या जागेकडे. तीही नकाशेवाल्याचीच बायको. आत किती गेलं, बाहेर किती आलं. "मग तुमचं कुठं होतं?" असं तिनं विचारलं नाही. नुसती म्हणाली, "काढा तो कोट."

मास्तरांनी कोट काढून दिला. तिनं सुईत दोरा ओवला आणि तिसऱ्या बटणाच्या जागी ते निळं बटण लावायला घेतलं.

"काळं आहे माझ्या खिशात," मास्तर म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय म्हणालो.

"असू दे तिथंच," ती म्हणाली. "हे घट्ट बसतंय."

"दिसेल ना गं ते. काळ्यावर निळं."

"दिसू दे."

पुढचं सगळं घडामोडींत आहे. चित्रांची अदलाबदल झाल्याने नंबर चुकले, सबब नंबर चारला दहा मतं, नंबर नऊला एक, पत्र मागे घेण्यात येत आहे, गैरसमजाबद्दल दिलगिरी. दहा, अकरा नव्हे; अकरावं कुठं गेलं हे नर्सबाईंनी विचारलं नाही, मोजताना आपलीच चूक झाली असेल असं त्यांना वाटलं आणि त्या दोन दिवस ओशाळल्यासारख्या वागल्या. महिन्यातले नऊ दिवस उरले होते, ते मास्तरांना मिळाले. चौदा फूट भिंतीवर टाकी आणि टाकीशेजारी नळ, झडपा, आणखी दोन टाक्या. ज्यांनी बटणं टाकली होती ते सगळे येऊन म्हणाले, "बघा, आम्ही सांगत नव्हतो!" मास्तर कोट घालून उभे राहिले, हाताची घडी छातीवर, तिसऱ्या बटणावर. रांगेतली माणसं सात-सात मिनिटं बघत होती. काही चित्रांकडे, काही कोटाकडे. शेवटच्या दिवशी रंगाऱ्याची आई आली, काठी टेकत, हातात वाचनालयाचं एकही पुस्तक नाही. ती रांगेत उभी राहिली, भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, आणि मास्तरांना विचारलं, "माझ्या पोराचं कुठलं यातलं? आठ जणांना आवडलं होतं."

तर हिशेब असा. मास्तरांना मिळालं: चौदा फूट, नऊ दिवस. बायकोचं गेलं ते नवऱ्याबद्दलचं तीन आठवड्यांचं कौतुक, आणि ते तिला एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदाच वाटलं होतं. रंगाऱ्याची भिंत गेली, रविवार गेला, अकरा गेले, आईला सांगितलेले आठही गेले, आणि जे एक खरंखुरं त्याचं होतं ते चुकीच्या माणसाच्या नावावर जमा झालं. त्यानं चित्र उचलून चांगल्या उजेडात ठेवलं होतं, म्हणून बहुतेक सगळं त्यानंच भरलं. बाकी मंडळींचं जाऊन जाऊन एकेक बटण गेलं.